खोड की गाऱ्हाणं

"बसून खानाऱ्या जनावराले खोडी लागतात, माय. कामाच्या जनावराले स्वभाव असते."

मामा हे बोलले आणि मी मोबाइल खाली ठेवला. त्यावर माझ्या पुण्याच्या घरातल्या मांजरीची, गुंडीची, पहाटेची धावपळ चालू होती. सोफ्यावरून पडद्यावर, पडद्यावरून कपाटावर आणि तिथून थेट माझ्या पोटावर. मी पशुवैद्य आहे. कुत्र्या-मांजरांच्या असल्या सवयी लोक मला रोज सांगतात, कुणी कौतुकाने, कुणी वैतागून. मामांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला, हसले नाहीत, आणि वरचं वाक्य बोलले. ते मला सोडून देता येईना. त्यातलं निम्मं मला पटत होतं आणि उरलेल्या निम्म्याशी माझं भांडण होतं.

मामांचं तुकईथड हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तहसिलीतलं गाव. जिल्हा २००३ साली खंडव्यातून वेगळा निघाला. राज्य मध्य प्रदेश असल्याने कागदपत्रं हिंदीत, घरातलं बोलणं वऱ्हाडी वळणाच्या मराठीत, आणि बाजाराच्या दिवशी कानावर कोरकूही पडते. दक्षिणेला डोंगर चढत गेलं की मेळघाट. मामांच्या घरी माणसं दोनच. बाकी कोठ्यात निमाडी बैलांची जोडी, ओट्यावर भुऱ्या नावाचा कुत्रा आणि धान्याच्या खोलीत एक मांजर, ज्याला नाव ठेवायची गरज कुणाला वाटलेली नाही.

"मामा, ही खोड नाही," मी म्हणाले. "मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असतं. उंदीर, पाखरं त्याच वेळी हालचाल करतात, म्हणून शिकारीची वेळ तीच. फ्लॅटमध्ये वाढलेलं असलं तरी ती वेळ अंगातून जात नाही."

"ते मले सांगू नको. आमच्या खोलीतलं मांजर त्याच टायमाले उठते. पन ते पडद्यावर नाई चढत. पोत्यामागं दबा धरून बसते, उंदीर धरते, खाते, मंग दिवसभर झोपते. तुह्या मांजरीले पोतं नाई, उंदीर नाई, म्हनून पडदा हाय."

दवाखान्यात हीच गोष्ट मालकांना समजावताना मला याच्या तिप्पट शब्द लागतात. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि त्यावर उपायही आहे. रात्री झोपण्याआधी दोरीला पीस बांधून तिला दहा-पंधरा मिनिटं पळवायचं, शेवटी ते पीस तिला पकडू द्यायचं आणि मगच वाटीत खाणं टाकायचं. शिकार, जेवण, अंग चाटून साफ करणं आणि झोप, हा क्रम पुरा झाला की पहाटेचा गोंधळ बराच उतरतो. कोरडं खाणं एका वाटीत न देता खोक्यांत, कोपऱ्यांत लपवून ठेवायचं. फ्लॅटमधल्या मांजराला खायला कमी पडत नाही, शोधायला कमी पडतं.

"म्हंजे घरात खोटा उंदीर ठेवा लागते," मामा म्हणाले. "मंग आनलंच कायले?"

"पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडली. आई जवळ नव्हती, डोळे चिकटलेले."

"ते झालं तवाचं. डोये उघडले, मंग सोडाची होती."

"कुठे सोडू? गाड्यांखाली?"

मामा गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे. त्यांच्या मते मांजराला माणसाची गरज उंदरांपुरती आणि माणसालाही मांजराची तेवढीच. त्यापलीकडचं सारं माणसाच्या एकटेपणातून येतं. हे मी बऱ्याच शहाण्या माणसांकडून ऐकलं आहे. माझं उत्तर जुन्या काळातलं आहे. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हतीच, माणसांनीच ती होडीतून नेली असणार. माणसाने धान्य साठवलं, धान्यावर उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. मामांच्या खोलीत आजही तेच चाललं आहे. पण नुसत्या उंदरांसाठी ठेवलेल्या जनावराला मेल्यावर कुणी आपल्या शेजारी जागा देत नाही. दुसरं असं, की मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच म्याव करतात. पिल्लू आईला म्याव करतं, आणि मोठं झालेलं मांजर ते माणसासाठी राखून ठेवतं. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी २०१९ साली दाखवून दिलं की पाळीव मांजर स्वतःचं नाव त्याच लांबीच्या इतर शब्दांपासून वेगळं ओळखतं. ओळखून येत नाही, हा भाग वेगळा.

"आमच्याले नावच नाई," मामा म्हणाले.

"किती वर्षं जगतं मामा, तुमच्या खोलीतलं मांजर?"

याचं उत्तर आतून मामींनी दिलं. "दोन पावसाये. लई तर तीन. एक टॅक्टरखाली गेलं, एक कुत्र्यायनं फाडलं, बाकीचे गेले ते गेलेच."

"गुंडी अकरा वर्षांची आहे."

दोन पावसाळे खऱ्या शिकारीचे की अकरा वर्षं दोरीला बांधलेल्या पिसाची, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. मी अकरा वर्षांच्या बाजूने आहे. माझ्या टेबलावर मेलेलं मांजर आलं की त्याने किती उंदीर पकडले होते, हे कुणी विचारत नाही.

मामांचं खरं बळ मात्र मांजरात नव्हतं. "तुले स्वभावच पाह्याचा असन तर कोठ्यात चाल," म्हणत ते उठले.

निमाडी बैल एकदा पाहिला की विसरत नाही. तांबूस अंग, त्यावर पांढरे पट्टे आणि डाग. गीर आणि खिल्लार या दोन्हींचा अंश या जातीत आहे, म्हणून कपाळ गीरसारखं फुगीर आणि चाल खिल्लारसारखी चपळ. मामांच्या जोडीतला लाल्या आणि चांदा दिसायला जवळजवळ सारखे, पण मामा त्यांच्याविषयी बोलायला लागले की ते दोन वेगळ्या घरांतले भाऊबंद वाटावेत. लाल्या हौदावर आधी येतो आणि चांदाने तोंड लावेपर्यंत पाणी पीत नाही. चांदाला डाव्या बाजूला जुंपलं तर दिवसभर ओढतो. उजवीकडे जुंपलं तर दहा पावलांवर थांबून मान मागे वळवतो. लाल्याला छत्री चालत नाही. चांदाला छत्री चालते, पण पांढरं धोतर नेसलेला माणूस मागून आलेला चालत नाही. पोळ्याला शिंगं रंगवताना चांदा डोळे मिटून उभा राहतो आणि लाल्याला दोघांनी धरावं लागतं.

"हे मले कोनं सांगतलं? कोनी नाई. दोघांच्या मांगं चालून चालून समजलं. तुह्या मांजरीच्या मांगं तू चाललं का कधी?"

"तुम्ही हे बैल घेतले तेव्हा काय पाहिलं होतं?"

"दात, खूर, पाठ, अन् भोवरा." त्यांनी लाल्याच्या कपाळावर बोट ठेवलं. केस तिथे गोल फिरले होते, डोळ्यांच्या रेषेच्या चांगलेच वर. चांदाचा भोवरा खाली, दोन डोळ्यांच्या मधोमध. "वर भोवरा असनारा बैल भडकते. आमचे आजे सांगत."

हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवला नाही. गुरांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. तपासणीसाठी पिंजऱ्यात अडकवल्यावर कोणतं जनावर किती धडपडतं, हे त्यांनी नोंदलं आणि शेजारी कपाळावरचा भोवरा कुठे आहे ते लिहिलं. डोळ्यांच्या वर भोवरा असलेली जनावरं जास्त बिथरत होती. याचं कारणही सुचतं. गर्भात कातडी, केस आणि मेंदू एकाच थरातून घडतात, तेव्हा एकाच्या ठेवणीची खूण दुसऱ्यावर उमटू शकते.

"अमेरिकेत पिंजरा लागला," मामा म्हणाले. "आमाले बाजारात उभं राहून दिसे."

"पण त्याच बाजारात अमुक भोवऱ्याचा बैल धन्याला खातो, असंही सांगतात. चांगला बैल त्या एका केसाच्या वळणापायी कमी पैशात खाटकाकडे जातो. ते तुमच्या आज्यांनी बघून ठरवलेलं नव्हतं."

हे त्यांनी मान्य केलं, सावकाश, लाल्याच्या मानेवर हात फिरवत. मीही त्यांचं एक मान्य केलं. पाळीव प्राण्याचा स्वभाव ओळखायचा तर त्याला काहीतरी निवडू द्यावं लागतं. लाल्यासमोर हौद असतो, चांदा असतो, थांबायचं की प्यायचं हे त्याचं तो ठरवतो. सोफ्यावर पडून असलेल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅब्राडोरला दिवसभरात ठरवायला काय मिळतं? वाटी येते तेव्हा खायचं, पट्टा दिसला की निघायचं. त्याचं वजन वाढत राहतं आणि तो दारापाशी ठेवलेल्या चपला चावतो. मालक मला चपलांवर औषध विचारतात.

"पाह्य, तूच म्हनतं."

"थांबा मामा. आता भुऱ्याकडे चला."

भुऱ्या ओट्याच्या पायरीशी पडला होता. चार-पाच वर्षांचा, मातीच्या रंगाचा, एक कान अर्धा. पुढच्या उजव्या पायाच्या मनगटावर केस गेलेला, ओलसर, लालसर चकता. मी पाहत असतानाच त्याने मान वळवली आणि तो चकता चाटू लागला, संथ, एका लयीत, थांबण्याचं नाव नाही.

"हे काय?"

"सवय हाय त्याची. लहानपनापासून चाटते."

"लहानपणापासून, की बांधायला लागल्यापासून?"

मामी दारात आल्या. भुऱ्याला सकाळची पहिली भाकर त्याच टाकतात आणि त्यांनी पाठ फिरवल्याशिवाय तो तिला तोंड लावत नाही, हे त्यांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. "बांधल्यापासून," त्या म्हणाल्या. "आंधीचा कुत्रा बिबट्यानं नेला, तवापासून याले रातभर साखयीनं बांधतो. रातभर चाट-चाट आवाज येते."

मी पाय तपासला. काटा नाही, गोचीड नाही, बुरशीचं लक्षण दिसलं नाही, सांधा दाबल्यावर दुखत नव्हता. असं सगळं बाजूला सारल्यावर जे उरतं, ते माझ्या दवाखान्यात फार दिसतं : एकाच जागी अडकलेला कुत्रा हाताशी असलेलं एकच काम करत राहतो, कातडी सोलते, सोललेली कातडी खाजते, म्हणून आणखी चाटतो. पुण्याच्या बाल्कनीत आणि तुकईथडच्या ओट्यावर तो चकता एकाच जागी येतो. त्याला माझ्या मालकांपैकी बरेच जण लाडिक सवय म्हणतात आणि मामाही सवयच म्हणत होते. माझं म्हणणं इतकंच होतं की ते गाऱ्हाणं आहे. बैलाने मान मागे वळवली की मामा जू काढून बाजू बदलतात, कारण नांगर अडतो. भुऱ्याने पाय चाटला म्हणून काहीच अडत नाही.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तिसरीकडून हल्ला केला, आणि तो जोरदार होता.

"कुत्र्याच्या मायेचं लई सांगतात लोकं. मीटरगेजची गाडी होती तवा इथल्या स्टेशनावर कुत्र्यायची टोयी ठरलेली. गाडीचा आवाज दूर घाटात आला का उठून फलाटावर उभे. डब्यातून लोकं भजे फेकत, पोई फेकत. गाडी बंद झाली. थोड्या दिवसांत सारी टोयी बसस्टँडवर. एक बी कुत्रं रुयापाशी बसून रडलं नाई. पोटाची माया हाय ते."

घाटात गाडी वळणं घेत असताना तिचा आवाज इथे आधीपासून यायचा, हे मला लहानपणापासून आठवतं; कुत्री त्याच्याही आधी उठायची. मामांचं निरीक्षण बिनचूक होतं. निष्कर्ष मला मान्य नव्हता.

"कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात," मी सांगितलं. "त्यांनी अनोळखी माणसं कुत्र्यांकडे पुन्हा पुन्हा पाठवली. काहींनी खाऊ दिला, काहींनी नुसता डोक्यावरून हात फिरवला. २०१७ साली छापलेला निकाल असा, की हात फिरवणाऱ्याकडे कुत्री जास्त विश्वासाने येऊ लागली. खाऊ देणाऱ्यापेक्षाही. तुमच्या स्टेशनावर त्यांना भजी मिळाली, हात कुणी फिरवला? मग ती भज्यांमागे गेली, यात त्यांचं काय चुकलं?"

"रस्त्यावरच्या कुत्र्याले हात कोन लावन? चावलं मंग?"

"तेच. त्याच लोकांनी आणखी एक मोजलं. पंच्याण्णव वेतांमधली ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली. वयात येईपर्यंत जगली ती १९ टक्के. जी मेली त्यांतली ६३ टक्के माणसामुळे, गाडीखाली, माराने, विषाने. तुम्ही मोकळं जनावर म्हणता मामा, ते मोकळेपण यातून उरलेल्याचं आहे. तुमच्यासमोर जे रुबाबात फिरतंय ते पाचातलं एक. बाकीच्या चारांचा स्वभाव काय होता ते कुणी पाहिलंच नाही."

हा आकडा मी जेव्हा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून मोकळ्या कुत्र्याचं गुणगान मला निवांतपणे ऐकता येत नाही. मामांनी तो मनात मोजला असावा. "आमच्या गल्लीतल्या कुत्रीले मागच्या साली सात झाले," ते म्हणाले. "आता एक दिसते."

मग टीव्हीवर पाहिलेलं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला ते बदललं : नसबंदी करा, लस द्या, जिथून उचलली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी ठेवून घ्या. नोव्हेंबरमध्ये पुन्हा शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथून हटवायला सांगितलं. मामांना उचलून नेणं बरं वाटत होतं, मामींना नाही. माझं मत असं की नसबंदी आणि लस हे काम जिथे मनापासून झालं तिथेच काही फरक पडतो, आणि छोट्या गावांपर्यंत ते पोचतच नाही. यावर आम्ही तिघांनी फार वेळ घालवला नाही. दिल्लीच्या कुत्र्यांवर बोलणं सोपं असतं.

अवघड होतं शेजारच्या घरातल्या राघूविषयी बोलणं. शेजारी एक म्हातारे बाबा अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या खाटेशी पिंजरा आहे आणि त्यातला राघू कुणी पायरी चढलं की त्यांच्याच आवाजात "कोन हाय?" विचारतो. गावात त्याचं मोठं कौतुक. मामा मला तो दाखवायला घेऊन गेले, कारण त्यांच्या दृष्टीने स्वभावाचा याहून पक्का पुरावा नव्हता. राघू बोलला. मग दांडीवर डावीकडे दोन पावलं, मान खाली, मान वर, उजवीकडे दोन पावलं, मान खाली, मान वर, असं चालू झालं आणि आम्ही तिथे होतो तोवर थांबलं नाही. छातीवरची पिसं उपटलेली होती.

"नाचते पाह्य," मामा म्हणाले होते.

परत आल्यावर मी बोलले. ते नाचणं नव्हे. पोपट थव्याने राहतात, मैलोन्‌मैल उडतात, आणि थव्यात एकमेकांच्या हाकेशी हाक जुळवतात. पिंजऱ्यातल्याला थवा म्हणून माणसंच मिळतात, म्हणून तो माणसाशी आवाज जुळवतो. "कोन हाय?" ही त्याची थव्यात सामील होण्याची खटपट आहे. एकाच क्रमाने होणारं ते डोलणं आणि स्वतःची पिसं उपटणं मोकळ्या पोपटांत दिसत नाही. ते कोंडलेल्याचं लक्षण आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आपल्याकडचा पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, आणि मला तो कायदा अगदी योग्य वाटतो.

"तू मले सांगतं जनावर मोकयं ठेवू नका, मरते. अन् राघूले म्हनतं कोंडू नका. कोनतं खरं?"

हा प्रश्न त्यांनी मला हरवायला विचारला नव्हता. मी म्हटलं, कुत्रा आणि मांजर हजारो वर्षांपूर्वी आपल्या दाराशी आले, पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांचं शरीर आणि मन आपल्याबरोबर बदललं. रस्त्यावर ती आता मोकळी नसतात, बेवारस असतात. राघूच्या बाबतीत तसं काही घडलं नाही. त्याला बहुतेक वेळा ढोलीतून पिल्लू असतानाच काढलं जातं, आणि त्याचं शरीर-मन आजही आकाशातल्या पोपटाचंच आहे. म्हणून एकाला घर देणं ही माया आणि दुसऱ्याला घर देणं ही कैद.

"मंग म्हाताऱ्याचा राघू सोडून देऊ का? त्याले बी दुसरं कोन हाय?"

"सोडला तर दोन दिवसांत कावळे मारतील, उडायची ताकद उरली नसेल. वनखात्याकडे द्यायचा, ते त्याला उडायला शिकवून, जमलं तर सोडतात. कायद्याचा रस्ता तोच आहे."

"अन् बाबा?"

मला यावर बोलता आलं नाही. राघूची बाजू घेताना खाटेवरच्या माणसाची बाजू माझ्याच्याने खोटी पाडवत नाही. मामींनी मधेच सांगितलं की त्यांनी बाबांच्या नातवाशी बोलून ठेवलं आहे, यापुढे त्या घरात नवीन पिल्लू येणार नाही. आहे त्या राघूचं काय, ते नातू वनखात्याच्या नाक्यावर विचारून येणार आहे. एवढं तरी कुणीतरी आधीच केलं होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी विषय पुन्हा भुऱ्यावर आला, कारण साखळीची वेळ झाली होती.

मी पहिल्यांदा लशीचं विचारलं. भुऱ्याला एकही टोचलेली नव्हती. इथे मी आवाज चढवला, आणि पुन्हा वेळ आली तरी चढवीन. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग दर वर्षी. कुत्रा चावला, नख लागलं, उघड्या जखमेला लाळ लागली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. तिखट नाही, चुना नाही, हळद नाही. आणि त्याच दिवशी इंजेक्शनाला जायचं. भुऱ्यासाठी १९६२ या नंबरावर फोन केला की पशुचिकित्सेची गाडी येते. मामांनी नंबर भिंतीवर खडूने लिहिला.

"आणखी एक लस, मामा. डिस्टेंपरची. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह महिन्याभरात मेले, त्यात या रोगाचा विषाणू सापडला. तो कुत्र्यांत असतो. तुमच्या मागे मेळघाट आहे, १९७४ पासूनचा वाघ प्रकल्प. बिबट्या इथलं कुत्रं नेतो तेव्हा कुत्र्याच्या अंगातलंही सगळं जंगलात नेतो."

वाघाचं नाव निघाल्यावर मामा सरळ बसले. रेबीजने जे झालं नव्हतं ते याने झालं. दोन्ही टोचून घेऊ, म्हणाले.

साखळीवर मात्र ते हटेनात. "तू म्हनतं साखय काढ. काढली का बिबट्या नेते. मी काय त्याचा वैरी हाय?"

त्यांचं बरोबर होतं. आपल्याच महाराष्ट्रात अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं, तर त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. मांजरंही होती. ओट्यावर साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला मोकळ्या कुत्र्याहून सोपा, हे मी म्हटलं. मामांना ते आवडलं नाही, पण आधीचा कुत्रा ओट्यावरूनच गेला होता.

"घरात घ्या."

"कुत्रं घरात नाई," मामा आणि मामी एकदमच म्हणाले.

"मग कोठ्यात. दार लावा, साखळी काढा, खाली गोणपाट टाका. दिवसा वावरात तुमच्यामागे फिरू द्या, पाय थकले पाहिजेत. आतून भुंकला तरी तुम्हाला ऐकू येतं."

"ऐकू येईन. पन रानडुकरं वावरात येतात, ते आतून भुंकून जातात का?"

"साखळीला बांधून ओट्यावरून भुंकला, तर जातात?"

मामा हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच. मग त्यांच्या चेहऱ्यावर खरी अडचण आली. "लाल्याले कुत्रं चालत नाई कोठ्यात. शिंग मारते. भुऱ्या वासरावानी घुसते त्याच्या पायात."

"आणि चांदा?"

"चांदाले काही फरक नाई पडत. त्याच्या अंगावर कोंबडी झोपते."

"मग चांदाच्या बाजूला, मधे लाकडं आडवी लावून. आठ दिवस बघा. पायाचा चकता कमी झाला तर समजा."

"अन् नाई झाला त?"

"मला फोन करा. मग दुसरं कारण शोधू."

मामांनी साखळी उचलली, ओट्याच्या खुंट्याला अडकवली, परत काढली आणि लाकडं शोधायला कोठ्यामागे गेले. मामी म्हणाल्या, मधलं लाकूड उंच पाहिजे, भुऱ्या उडी मारते.